काखेत म्हणजे कुठे

“गाठ काखेत म्हणजे नेमकी कुठे, वन्सं?” आकडेबाईंनी पुन्हा विचारलं.

“एकदा सांगितलं ना, काखेत. आता काय नकाशा काढून देऊ?” वन्सं धुतलेल्या चादरीची घडी घालत म्हणाल्या. घडी चुकली म्हणून त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

आकडेबाईंनी उठून मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर त्यांचे यजमान, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, बातम्या ऐकत बसले होते. पन्नाशी उलटून गेली तरी वन्सं त्यांना बाळ्याच म्हणत. सकाळी हॉस्पिटलचा निरोप आला होता: त्वचाविभाग, दोन महिन्यांनंतरची तारीख. तेव्हापासून बाळ्या खुशीत होते. त्वचेचंच काहीतरी आहे, म्हणजे जिवावरचं नाही. आकडेबाईंचा जीव मात्र त्या निरोपानंच टांगणीला लागला होता.

“दार लावलंय. आता दाखवा.”

वन्संनी चादर बाजूला ठेवली. उजवा हात डाव्या काखेशी नेला, तिथे जरा थांबवला आणि मग हळूहळू पुढे आणला. काख मागे राहिली. बोटं थांबली तेव्हा वन्संनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

“कधीपासून?”

“थंडीच्या आधीपासून. दुखत नाही गं. म्हणून तर बोलले नाही.”

“मग डॉक्टरांना काखेत का सांगितलंत?”

“मी कुठे सांगितलं? बाळ्यानं सांगितलं. मी त्यालाही काखेतच म्हटलं होतं. सख्ख्या भावाला आणखी काय सांगणार? डॉक्टर म्हणाले, बघू द्या. तर हा म्हणाला, तिला अवघडल्यासारखं होतं, तुम्ही औषध द्या. मग त्यांनी बाहीवरूनच चाचपलं.”

आकडेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीला अवघडेल म्हणे! अवघडले होते ते स्वतःच, आणि खापर फोडलं बहिणीवर.

त्यांना आकडेबाई हे नाव हॉस्पिटलातल्या पोरींनी ठेवलं होतं. डॉक्टर जो आजार लिहितील त्याला ठरलेला आकडा द्यायचा, हे त्यांचं काम. त्या आकड्यावरून पेशंट कुठल्या विभागात जाणार, किती लवकर जाणार, हे ठरायचं. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून त्यांनी अर्ध्या शहराची दुखणी आकड्यांत मांडली होती. आणि त्या आकड्यांच्या जगात काखेला स्वतःचं घर नव्हतं. काखेतली सूज हातात मोजली जायची. हाताची साधी सूज, त्वचाविभाग, सवडीनं. स्तनातल्या गाठीचा आकडा वेगळा, रांग वेगळी, घाई वेगळी. मध्ये अंतर ते किती, चार बोटांचं!

रात्रभर त्यांना एकच गोष्ट टोचत राहिली. आजवर आपण किती जणींच्या काखा हातात टाकल्या असतील? आणि त्यातल्या खरंच काखेतल्या किती असतील?

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब म्हणजे त्यांच्या खोलीचे प्रमुख, माणूस तसा सरळ.

“साहेब, हा आकडा बदलायला हवा. गाठ काखेत नाही.”

साहेबांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. “डॉक्टरांनी तर काख लिहिलंय.”

“चुकीचं लिहिलंय.”

“बाई, लिहिलं नाही ते झालं नाही, हे तुम्हीच पोरींना शिकवता ना? उद्या प्रत्येकीनं आपल्या मनानं आकडे टाकले तर? नणंद तुमची आहे, मला कळतं. पण डॉक्टरांनी दुरुस्त करून लिहिलं, तर मिनिटात बदलू.”

साहेबांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच आकडेबाईंना त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास भिरकावून द्यावासा वाटला. भांडायला समोर माणूस तरी चुकीचा हवा. इथे डॉक्टरांनी ऐकलं ते लिहिलं, यंत्रानं लिहिलेलं मानलं. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि बाई मात्र चुकीच्या दारात दोन महिने उभी!

संध्याकाळी त्यांनी यजमानांना सांगितलं, “उद्या वन्संबरोबर डॉक्टरांकडे मी जाणार आहे. आत तुम्ही यायचं नाही.”

“का? आता काय झालं?”

“गाठ स्तनात आहे.”

“हळू बोल! खिडकी उघडी आहे.”

“असू दे उघडी! तुमच्या मूळव्याधीची खबर पार कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत पोचली होती, तेव्हा नाही खिडक्या लावल्या. तो अवयव आहे हो, शिवी नाही!”

यजमान काहीतरी पुटपुटले आणि चपला घालून बाहेर निघून गेले. वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मला नाही जमायचं गं ते म्हणायला,” त्या म्हणाल्या. “जन्मात कधी म्हटलं नाही.”

“मग मी म्हणते. तुम्ही फक्त दाखवा.”

तसंच झालं. डॉक्टर तरुण होते. पडद्याआडून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “हे मला आधी का सांगितलं नाहीत, आजी?” त्यांनी विचारलं. वन्सं पदर सारखा करत बसल्या. डॉक्टरांनी लगेच नवं लिहिलं, साहेबांनी शब्द पाळला आणि त्याच आठवड्यात वन्संना योग्य विभागात बोलावणं आलं. पण गाठीला कुठला आकडा दिलाय याच्याशी गाठीला काय घेणंदेणं? ती थंडीच्या आधीपासून आपलं काम करत होती. सुई घालून तपासणी झाली आणि जे निघू नये तेच निघालं. “थोडं आधी आला असतात तर गाठीपुरतंच काढून भागलं असतं,” मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता सगळंच काढावं लागेल.”

घरी आल्यावर आकडेबाई मोरीत नळ सोडून रडल्या. वन्सं रडल्या नाहीत. त्यांनी कपाट आवरायला काढलं.

भरती व्हायच्या दिवशी खिडकीपाशी बरीच गर्दी होती. यजमान बहिणीची पिशवी घेऊन पुढे उभे होते, मागे या दोघी. आतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, “कशाचं ऑपरेशन?”

“हाताचं,” यजमान म्हणाले.

आकडेबाईंना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग कानशिलं तापली. इतकं होऊनही? बहिणीला कापायला नेतायत आणि यांच्या तोंडून अजून हातच निघतो? त्या तोंड उघडणार, तेवढ्यात कुणीतरी त्यांना कोपरानं बाजूला सारलं.

“हाताचं नाही हो,” वन्सं म्हणाल्या. आवाज चांगला खणखणीत होता. “स्तनाचं. माझा डावा स्तन काढणार आहेत. तसंच लिहा.”

रांगेतल्या माना वळल्या. कारकुनानं मान वर केली, वन्संकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं.

“ताई, अगं लोक…” यजमान म्हणाले.

“लोकांचा नाही काढत आहेत, बाळ्या.”

वन्संनी भावाच्या हातातली पिशवी काढून घेतली, आकडेबाईंना “चल गं” म्हटलं आणि त्या वॉर्डाकडे चालू लागल्या. बाळ्या रिकाम्या हातांनी खिडकीपाशी उभा राहिला.