अर्धवट उत्तर

खर्ड्याच्या जयमालाला प्रोग्रॅम येत नाहीत असं कुणी म्हटलं असतं, तर नगरच्या तिच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये त्याचं हसंच झालं असतं. तरी पुण्याच्या दोन कंपन्यांनी तिला परत पाठवलं होतं. ते साल १९९८. की-बोर्ड बडवता येईल त्याला कंपन्या उचलत होत्या, आणि हिला मात्र नाही! सोमवारी तिसरी मुलाखत होती. तीही हुकली तर वडील, उत्तमराव, तिला बी.एड.ला घालणार होते.

क्लासमध्ये शिकवणाऱ्या नाझनीन मॅडमनी तिला सरावाला फळ्यापुढं उभं केलं, तेव्हा दुखणं कळलं. सगळं मनात जुळेपर्यंत जयमाला खडू धरून गप्प उभी. मग एका दमात बिनचूक प्रोग्रॅम.

"मुलाखत घेणाऱ्याला पाठ करून आल्यासारखं वाटतं," मॅडम म्हणाल्या. "लिहिताना बोलत जा."

"अर्धवट कसं बोलायचं, मॅडम? आमच्या शाळंत फळ्यावर चुकलं की हातावर डस्टर बसायचं."

मॅडमनी स्वतःच खडू घेतला. "तू गणित घाल. मी सोडवते."

जयमालानं घातलं: यादीतला सर्वांत मोठ्याच्या खालचा आकडा शोधा. मॅडम बोलत बोलत लिहू लागल्या, "सर्वांत मोठा आणि त्याच्या खालचा, सुरुवातीला दोन्ही जागी शून्य धरू..."

जयमालाला चूक दिसली. वर्गात चारचौघांसमोर मॅडमची चूक काढायची म्हणजे काय खायचं काम आहे? पण गप्पही राहवेना.

"मॅडम, सगळे आकडे उणे असले तर? शून्यच मोठं ठरंल."

मॅडम खरंच चुकल्या होत्या. त्यांचे कान लाल झाले, तरी त्यांनी पुसलं नाही. "मग काय धरू?"

"ते न्हाई सुचलं अजून. यादीतलेच पहिले दोन घेतले तर? थांबा, ते सारखे निघाले तर पंचाईत हाय..." बोलता बोलता खडू तिच्या हातात कधी आला, हे तिलाही कळलं नाही.

सोमवारी मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी तिला पांढऱ्या फळ्यापुढं उभं करून अवघड प्रश्न घातला. निम्म्यावर ती अडकली. पुसायला उचललेला हात तिनं खाली घेतला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सर, इथं माझं चुकलंय. का, ते शोधते."

साहेब खुर्चीतून उठले, फळ्याचं दुसरं पेन घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले. दोघं बराच वेळ भांडल्यासारखे बोलत होते. वेळ संपली, प्रोग्रॅम निम्माच राहिला.

"उरलेला कामावर आल्यावर पुरा करा," साहेब म्हणाले. जयमाला तिथंच, परक्या माणसासमोर, मोकळेपणानं रडली.