दोनदा उघडलेलं इंजिन

मित्रांनो, मी वॉटर स्कूटरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन आहे. आवाज माझा मोठा, पण मन हळवं.

कारखान्यातून निघालो तो थेट एका तलावावर आलो. तिथली जीवरक्षक ताई मला घेऊन बुडणाऱ्यांकडे धाव घ्यायची. लोक तिला शाबासकी देत, स्कूटरवर हात फिरवत, आणि मी फुशारून जाई.

एकदा कुणीतरी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरलं. मी तसाच कोरडा धावलो, तापलो आणि माझा पिस्टन फुटला. मालकांनी नवी स्कूटर आणली. मी शेडच्या कोपऱ्यात गंजत पडलो. भंगारवाल्याला बोलावणं गेलं, तेव्हा ताईने मला जुन्या स्कूटरसकट मागून घेतलं.

घरी तिने मला स्कूटरमधून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. सासूबाई वैतागल्या.

"आता जेवायचं कुठे, याच्या डोक्यावर?"

पण हळूहळू त्याच चष्मा लावून माझे बोल्ट रॉकेलमध्ये घासू लागल्या.

नवा पिस्टन बसवताना त्याच्या पिनेला अडवणारी तारेची बारीक क्लिप ताईच्या चिमटीतून टणकन उडाली. दोघींनी फरशी झाडली, डबे हलवले. क्लिप गायब. ती माझ्या पोटात पडली असती, तर सुरू होताच माझं वाटोळं झालं असतं. ती आत नाही हे मला ठाऊक होतं. पण सांगणार कसं?

सासूबाई म्हणाल्या, दुसरी क्लिप आहे ना, ती लाव आणि मोकळी हो. ताईने मान हलवली.

"नाही आई. याच्या भरवशावर मी कुणाला तरी वाचवायला जाणार. भर पाण्यात हे बंद पडलं तर?"

तिने मला पुन्हा पार उघडलं. क्लिप नव्हतीच. पण तळाच्या खाचेत जुन्या पिस्टनचा नखाएवढा तुकडा अडकला होता. तो मलाही कळला नव्हता! ताईने तो तळहातावर घेऊन सासूबाईंना दाखवला.

संध्याकाळी सासूबाईंनी अंबाडा सोडला, तर तीच क्लिप हातात. हसता हसता त्या खालीच बसल्या.

पुढे मी पुन्हा स्कूटरमध्ये बसून तलावात उतरलो आणि धडधडत सुरू झालो. सावकाश ने असं बजावून सासूबाई मागे बसल्या होत्या. तलावाच्या मध्यावर त्याच सुनेच्या कानाशी म्हणाल्या, "अगं, एवढंच पळतं का हे?" नवा पिस्टन अंगवळणी पडेपर्यंत दामटायचं नसतं, म्हणून ताईने मुळीच ऐकलं नाही.

आता मी पुन्हा कामावर आहे. रोज संध्याकाळी ताई मला स्वच्छ पाण्याने धुते. सुख म्हणतात ते हेच असावं.

मित्रांनो, यंत्राला जीभ नसते. आत काय खुपतंय ते त्याला सांगता येत नाही. म्हणून मनात शंका असताना 'चालेल' म्हणून झाकण लावू नका. एकदा उघडून बघा.