टॅब्लेट गार कसा?

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर एक स्वस्तातला टॅब्लेट उभा होता. त्यावर सिनेमा चालला होता, शेजारी नकाशा गरगर फिरत होता, आणि सगळं कसं लोण्यासारखं! टाळ्या थांबेनात.

"यंत्राला प्राण नसतो असं कोण म्हणतं?" टॅब्लेटवरून हात फिरवत त्याचा विक्रेता म्हणाला. खांद्याला जड पिशवी, चेहऱ्यावर समाधी. लोक त्याला गुरुजी म्हणत. "इंटरनेटसुद्धा नाही, मी फक्त माझी संजीवनी आत सोडली. शंका घेतलीत तर यंत्र रुसतं, बरं का!"

रुसणारं यंत्र! पण हसलं कुणीच नाही.

सभेतली मंडळी नोकऱ्या सांभाळून संगणकाची एक प्रणाली घडवत. ती फुकट होती, आणि कुणीही आत डोकावून सुधारावी अशी उघडी. ती स्वस्त टॅब्लेटवरही चालेल अशी हमी द्यायची का, हे आज ठरायचं होतं. हमी दिली की दुरुस्त्यांचं लोढणं वर्षानुवर्षं गळ्यात.

त्यांच्यातल्या एकीने, थोरलीने, याच मॉडेलच्या टॅब्लेटवर ती प्रणाली चालवण्यात कित्येक रविवार घातले होते. तिच्या हातात तो गोगलगाय होई. आणि गुरुजींना आणलं होतं तिच्याच धाकट्या बहिणीने. ती शाळेत शिकवायची.

"ताई, आता तरी मान," धाकटी कुजबुजली. "माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी संगणक नाहीत. याच टॅब्लेटवर सगळं चालेल असा पालकांना शब्द देऊन बसलेय मी."

थोरलीच्या मनात आलं, आपल्यालाच जमलं नाही की काय? तिने टॅब्लेट उचलला. पाठ गारेगार! सिनेमा लावला की तिचा टॅब्लेट तव्यासारखा तापायचा.

"गुरुजी, हा गार कसा?"

"संजीवनी शीतल असते, ताई."

कोपऱ्यात चहा गरम करायचा मायक्रोवेव्ह होता. थोरलीने त्याची वायर उपटली आणि टॅब्लेट आत ठेवला.

"अहो, भाजाल त्याला!" गुरुजी धावले.

"वीजच नाही, भाजेल कसा? ही बिनतारी लहरी अडवणारी पेटी आहे नुसती."

तिने दार लावलं. काचेआड सिनेमा जागच्या जागी थिजला. दार उघडलं, तशी चित्रं उडी मारून पुढे धावली. पुन्हा लावलं, पुन्हा थिजली.

"काम टॅब्लेटच करत असेल, तर दार लावून त्याचं काय अडतं?"

सभागृह चिडीचूप झालं. त्या शांततेत गुरुजींच्या पिशवीतून घूंऽऽ ऐकू आलं. धाकटीने पिशवीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ही गरम आहे," ती म्हणाली. तिनेच पिशवी उघडली.

आत एक दांडगा संगणक निघाला. सगळं काम तो करत होता आणि चित्रं हवेतून धाडत होता. टॅब्लेट म्हणजे नुसती खिडकी.

"ते... ते संजीवनीचं वाहन!" म्हणत गुरुजींनी पिशवीसह काढता पाय घेतला.

"द्या मग टॅब्लेटचा नाद सोडून," कुणीतरी ओरडलं.

"खोटं तो बोलला, टॅब्लेट नाही," थोरली म्हणाली. "यावर पुस्तकं उघडतात, लिहिता येतं. सिनेमा अडखळतो. हमीत हे एकच मॉडेल घेऊ, आणि काय चालतं, काय नाही, ते आधीच ठळक लिहू."

हात वर झाले. ठराव कसाबसा पास झाला. टाळी एकही वाजली नाही.

जिन्यात धाकटी थांबली. "पालकांना काय सांगू?"

"दिसलं ते."

"मला खोटी म्हणतील गं."

म्हणतीलच, हे थोरलीला ठाऊक होतं. "मी येते बरोबर," एवढंच ती म्हणाली.

शाळेत पालकांनी धाकटीला नको नको ते ऐकवलं. काही जण उठून गेले. मागे राहिलेल्या एका आईने विचारलं, "पुस्तकं तरी उघडतील ना, बाई?"

"उघडतील. हळू, पण उघडतील."

गरज मोठी असली की माणूस आपणहून डोळे मिटतो, आणि बुवा नेमका त्याच घरात शिरतो. म्हणून टाळी वाजवण्याआधी विचारा: काम कोण करतंय, आणि कुठे? या प्रश्नावर जो रुसेल, त्याच्या हातून औषध, अंगारा, यंत्र, काहीही घेऊ नका.