पावाच्या गाडीवरचं गाऱ्हाणं

पेडण्याकडच्या पार्से गावच्या सगुणचं गाऱ्हाणं ज्यानं ऐकलं नाही, त्याला सांगून पटायचं नाही. गोकुळदासाचा तीन महिने बंद पडलेला टेंपो सगुणनं नारळ ठेवून देवाला हाक मारताच असा सुरू झाला, की ड्रायव्हर चढायच्या आधीच म्हापशाला पोचला. म्हापशापर्यंत गेला नसेल एखादेवेळी. कोलवाळच्या पुलापर्यंत गेला यात मात्र शंका नाही. काजूचा मोहोर असो की कुणाचं ऑपरेशन, गाव आधी सगुणकडे यायचा. तो डोळे मिटून "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करायचा, एकेक मागणं मांडायचा आणि प्रत्येक मागण्यापाठी जमलेली माणसं एका सुरात म्हणायची, "होय म्हाराजा!"

हे 'होय' महत्त्वाचं. त्याशिवाय गाऱ्हाणं म्हणजे तिकीट न लावलेलं पाकीट. आणि ज्याच्यासाठी मागायचं, त्यानं स्वतः होय म्हणायचं नाही. "आपल्याच वरातीत आपणच वाजंत्री?" सगुण विचारायचा.

त्याची एकुलती मुलगी भाग्यलक्ष्मी, घरची भागू, हे 'होय' ऐकतच वाढली. आई लहानपणीच गेली, घरात दोघंच. भागू डिचोलीच्या एका शाळेत नाच शिकवायची. तिचा नाच मोबाइलवर बघून तिकडे व्हिएतनाममध्ये, सायगावातल्या एका नाचमंडळीनं तिला ऑडिशनला बोलावलं. निवड झाली तर दोन वर्षं तिथंच राहून नाचायचं. घेणार चौघांना, आणि वयाची सत्तावीस पुरी व्हायच्या आत. भागूची पुढच्याच महिन्यात होत होती. म्हणजे पहिली संधी तीच शेवटची.

मोपाच्या विमानतळावर सगुणनं ट्रॉलीवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सुलोचना काकी, दोघे चुलतभाऊ आणि गिऱ्हाइकाची वाट बघणारे पाच टॅक्सीवाले यांनी होय म्हटलं. दारावरच्या बंदूकवाल्या जवानाचेही ओठ हलले, असं काकी अजून शपथेवर सांगते.

सायगावात भागूचा पहिला पाऊण तास रस्ता ओलांडण्यात गेला. म्हणजे न ओलांडण्यातच. स्कूटरींना ना सुरुवात ना शेवट. शेवटी समोरच्या फुटपाथावरून एक साठीची बाई आपली पावाची गाडी तशीच सोडून आली, भागूचं मनगट धरलं आणि कुठंही न बघता रस्त्यात उतरली. पार्सेची म्हैस उतरते तशी. स्कूटरी दोन्ही अंगांनी पाण्यासारख्या सरकत गेल्या.

ती हान्ह मावशी. गाडीवर हातभर लांब पाव. ते बघून भागूला सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येणारा घरचा पाववाला पदेर आठवला, आणि तिनं तिथंच उभ्या उभ्या दोन पाव खाल्ले. भागू पेडण्याचं बोलायची, मावशी सायगावचं. दोघींचं काही अडलं नाही.

दोन दिवस भागू एकटीच शहर फिरली. नदीकाठी बसली. बाजारात छत्रीचा भाव मराठीतून केला आणि जिंकली. थेंब थेंब गळणारी कॉफी प्याली. एका पेल्याला एक अख्खं पुराण सांगून होईल इतकी सावकाश. आणि सकाळ-संध्याकाळ बागेत आपला नाच घोटला.

नाच फुगडीचा होता. फुगडीला दोघी लागतात. हात धरून, मागं कलून, एकमेकींच्या भारावर गरगरायचं. भागू ती एकटीनं घालायची. समोर कुणी नसताना, कुणीतरी धरलंय अशी मागं कलायची. घरी हजारदा जमलं होतं. इथं मात्र दरवेळी तोल जात होता.

ऑडिशनच्या आदल्या संध्याकाळी सगुणचा फोन आला.

"जेवलंस गो बाय?"

"जेवलंय. बाबा, आवाज असो कित्याक?"

"माझ्याकडसून एक चूक झाली गो. मोपाक गाऱ्हाणा घातलंय, तेच्यात नाचाचा नावच घेतलंय नाय."

"इसारलंस?"

"इसारलंय नाय. तोंडात इला आणि गिळलंय." सगुणनं खाकरून घेतलं. "'चेडवाक सुखरूप व्हर आणि आठवड्यात घराक हाड', इतक्याच म्हटलंय. आठवड्यात गो! आणि माझा गाऱ्हाणा आजपावत कधी फुकट गेला हा?"

पोरीला सुखरूप ने आणि आठवड्यात घरी परत आण, एवढंच मागणं! भागूला ट्रॉलीवरचा नारळ आठवला आणि बाबांनी मध्येच घेतलेला लांब श्वास. तिला वाटलं होतं, कडकडीत उन्हामुळं.

"रागावलंस?"

"रागावतलंय. पण परवा. आता उपाय सांग."

"गाऱ्हाण्यार गाऱ्हाणा घालूक होया. पण काम जंय आसा, थंयच. आणि होय म्हणणारी माणसां पण थंयचीच होयी."

"हंय माका कोण वळाखता, बाबा?"

"माणसाशिवाय गाव आसता खंय? बघ."

सकाळी भागू एक शहाळं घेऊन मावशीच्या गाडीपाशी गेली. ऑडिशनचा हॉल त्याच रस्त्यावर, चार दारं सोडून. तिनं शहाळं पावांच्या मधोमध ठेवलं, फोन दाखवला, हात जोडले, वर बोट केलं आणि म्हणाली, "होय म्हाराजा."

मावशीनं ते तीनदा घोकलं. "होय माहाराझा." मग तिनं पाव कापायची सुरी उचलून सगळ्या गिऱ्हाइकांना बजावलं. एक लॉटरीची तिकिटं विकणारा म्हातारा, दोन शाळकरी मुली, हेल्मेट घातलेला एक स्कूटरवाला. घोकल्याशिवाय पाव मिळायचा नाही, असंच काहीसं ती म्हणाली असावी, कारण सगळे लगेच घोकायला लागले.

पार्सेत तेव्हा साडेसहा झाले होते. भागूनं फोन लावून पावांवर ठेवला आणि सगुणचा आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! आज सायगावच्या वाटेर, पावाच्या गाडयेर नारळ ठेवन तुका हाक मारतंय, ती आयक रे म्हाराजा!"

मावशीची सुरी वर गेली. "होय माहाराझा!"

सगुणनं मध्येच विचारलं, "कितकी माणसां गो ही?"

"मधीच बोलू नये, बाबा."

"हेच्या आधी माझ्या तोंडातसून जा काय उणा-अधिक गेला, ती बापाची माया म्हणान पोटात घाल रे म्हाराजा."

"होय माहाराझा!"

"चेडवाक घराची वाट ठावक आसा, ती तेका इसरूक दी नको. आणि बाकी तेका..."

सगुण थांबला. स्कूटरी वाहत राहिल्या. पुढचा शब्द भागूला माहीत होता, पण तिनं तो म्हणायचा नव्हता. तिनं गाडीची कड घट्ट धरली.

मावशीला वाटलं, झालं. तिनं सुरी उंचावली आणि सगळे मिळून ओरडले, "होय माहाराझा!"

मागण्याआधीच होकार मिळालेलं त्रिभुवनातलं ते पहिलं गाऱ्हाणं. आता सगुणला मागं फिरायला वाटच उरली नाही. फोनमधून आधी हसू आलं, मग नाक ओढल्याचा आवाज.

"...बाकी तेका जंय नाचूचा आसा, थंय नाचांदी रे म्हाराजा. दोन वर्सां तर दोन वर्सां!"

ह्या वेळचं 'होय' ऐकून अख्खं सायगाव थांबलं, चाळीस हजार स्कूटरी जागच्या जागी, असं सगुण पुढं गावात सांगायचा. चाळीस हजार नसतील. अकरा होत्या.

हॉलमध्ये भागूनं समोरच्या रिकाम्या जागेत हात पुढं केले आणि मागं कलली. तोल गेला नाही. परीक्षक बाईंनी विचारलं, "पलीकडं कोण होतं?" भागूनं बरीच नावं सांगितली. शेवटचं मावशीचं. दुपारी दारावर चौघांची यादी लागली; भागू तिसरी होती.

सगुणचं पहिलं गाऱ्हाणंही फुकट गेलं नाही. आठवड्याच्या आत भागू सुखरूप घरी आली. दोन वर्षांचं सामान बांधायला.

पुन्हा मोपा, पुन्हा ट्रॉली, पुन्हा तेच टॅक्सीवाले. सगुणनं पिशवीतून नारळ काढला. भागूनं तो त्याच्या हातातून घेतला.

"आज मी घालतंय," ती म्हणाली आणि डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, घरात आता एकटोच आसा तो. वेळेर जेवांदी. माझी आठवण इली तर रडांदी, पण मगे फोन करांदी. तेका सांभाळ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" काकी म्हणाली, भाऊ म्हणाले, टॅक्सीवाले म्हणाले.

गाऱ्हाणं सगुणसाठी होतं, म्हणजे त्याला होय म्हणता येत नव्हतं. तो ओठ घट्ट मिटून, दोन्ही हातांनी ट्रॉली धरून उभा राहिला.