बसून राहण्याचे गुण

नर्मदा शिमग्यात वारली आणि तिचा नवरा दाजी ओसरीवर बसला तो बसलाच. नाडकर्णीबाई मिठबावला आल्या तेव्हाही तो तिथेच होता. बाई वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला. रोग्यांकडून हाताची कामं करून घ्यायची आणि घरी जाण्याजोगा कोण झाला ते बघायचं, हे त्यांचं काम. दाजीचा धाकटा भाऊ लवू तिथलाच रोगी. वहिनीच्या बाराव्याला म्हणून सुटीवर आला होता. सुटी वाढवून वाढवून आता संपत आली होती.

"त्याला परत नेणार?" दाजीने विचारलं.

"ते आज ठरेल. तिथे तो चटई विणायच्या चाचणीत नापास झाला. पण ती चाचणी विलायतेची. तिच्यावरून माणसाचं घरचं वागणं कळतं का, याचीच मला शंका आहे. म्हणून आले. शहाण्या माणसाला ती कशी जमते तेही बघायचंय. तुम्हीही विणा."

दोघे भाऊ रंगीत पट्ट्या घेऊन बसले. लवूचा हात चांगला चालत होता. मध्येच तो उठला.

"खंय चल्लंस रे?" दाजी म्हणाला.

"पेज उतू जाता."

परत येऊन थोडं विणलं, तर गाय हंबरली. तिला पाणी दाखवून आला, तोच शेजारच्या हौसाबाईने कुंपणावरून हाक मारली, "लवू, कळशी पडली रे बावयेत." लवू गळ घेऊन विहिरीकडे गेला. त्याची चटई अर्धीच राहिली. दाजीची पुरी झाली, कडेसकट.

बाईंनी गुण मांडले. "तुम्हाला पैकीच्या पैकी. लवू इथेही नापास. काम अर्धवट टाकतो. म्हणजे चाचणी बरोबर निघाली म्हणायची." एस्टीतून उतरून उन्हातून चालत आल्याने त्या दमल्या होत्या, जास्त विचार करायचं त्राण नव्हतं.

हौसाबाई कुंपणाशी उभीच होती. तिच्यासमोर बोलणं दाजीच्या जिवावर आलं, तरी तो बोलला.

"बाई, नर्मदा गेल्यापासून मी चूल पेटवली नाही. गाय, पाणी, जेवण सगळं तोच बघतो. मी बसून असतो. तुमच्या चाचणीत बसून राहण्याचे गुण आहेत. ते मला मिळणारच."

"खरा सांगता तो," हौसाबाई म्हणाली. "लवू नसतो तर हेकाच गाडयेत घालून इस्पितळात न्हेवचो लागलो असतो."

बाईंनी लिहिलेले गुण पुन्हा पाहिले. "एकट्या माझ्या सांगण्यावर मोठे डॉक्टर ऐकणार नाहीत. तुम्ही इस्पितळात येऊन हेच सांगाल?"

दाजी आपल्या पायांकडे बघत राहिला. ओसरीखाली उतरायचं, मग एस्टी, मग ते फाटक. कितीतरी दिवसांत तो पाणंदीपर्यंतसुद्धा गेला नव्हता.

"येतो," तो म्हणाला.

लवू ओल्या अंगाने आला. बाईंना पेजेची वाटी दिली आणि दाजीपुढे उभा राहिला.

"आंघोळ केलंस?"

"नाय."

"मगे ऊठ आधी. पाणी तापला."

दाजी खांबाला धरून उठला.