चौघी एका टेबलाशी

"बसा ना, मॅडम," वेटरने तिसऱ्यांदा म्हटलं. तो खुर्ची मागे ओढून थांबला होता आणि मावशी त्या खुर्चीकडे ती दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवल्यासारखं बघत होत्या.

"मावशी, तो तुम्हालाच मॅडम म्हणतोय," वहिनी म्हणाली. "बसा आता, बिचाऱ्याचे हात दुखतील."

मावशी टेकल्या. नुसत्या टेकल्या, खुर्चीच्या कडेवर.

चौघी या रिसॉर्टच्या धुलाईघरात कामाला होत्या. मावशी धुण्याच्या मोठ्या मशीनवर, वहिनी इस्त्रीच्या रोलरवर, ठेंगणी घड्या घालायला आणि मास्तरीण डाग काढायला. मास्तरीण कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेली नव्हती. डोळ्यांवर चष्मा होता आणि दुसऱ्याच्या चुका दाखवायची खोड होती, तेवढ्यावर तिला पदवी मिळाली होती. धुलाईघर तळघरात. वर मोठमोठे पाळणे, पाण्यात कोसळणाऱ्या होड्या, पैसे देऊन किंचाळणारी माणसं, आणि मधोमध जहाजासारखं बांधलेलं हे महागडं रेस्टॉरंट. इथला एकेक टेबलक्लॉथ चौदा वर्षं त्यांच्या हाताखालून गेला होता. टेबलं त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.

वर्षभरात एकाही पाहुण्याने डागाची तक्रार केली नाही, म्हणून वहिनीला चार जणांच्या जेवणाचं कुपन मिळालं होतं. घरी नवरा आणि दोन मुलगे धरून बरोबर चार डोकी होत होती. मुलांनी घालायचे कपडेही ठरवले होते. वहिनीने सांगून टाकलं, "तुमच्याबरोबर मी रोज जेवते. त्या तिघींबरोबर एकत्र एकदाही जेवले नाही." थोरला अजून रुसलेला होता.

आणि ते खरंच होतं. मशीन एकटं सोडायचं नाही. दोघींनी जेवायचं, दोघींनी उभं राहायचं. जेवायचं तेही मशीनची पिळणी चालू असेपर्यंत, म्हणजे अकरा मिनिटं. चौदा वर्षांत एकमेकींचे डबे चाखून झाले होते, पण चौघींनी एकत्र बसून घास घेतला नव्हता. असला नियम कोणी कागदावर लिहीत नाही. लिहायची लाज वाटते, पाळायला लावायची वाटत नाही. आज मात्र बॉयलरची तपासणी होती. बॉयलर गार, वाफ नाही, काम नाही. वर्षातून असा एकच दिवस यायचा, आणि एरवी त्या दिवशी चौघी आपापल्या घरची धुणी काढून बसायच्या.

मास्तरणीने मेनू नाकाशी धरला. "मंद आचेवर प्रेमाने भाजलेली कोंबडी."

"प्रेमाने भाजल्याचं कोंबडीला काय सुख?" ठेंगणी म्हणाली आणि स्वतःच खिदळली.

वेटर लिहून घेत होता. मास्तरीण त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाकडे टक लावून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "बाळा, पेनाला टोपण लावत जा. दर आठवड्याला खिशाखाली निळं तळं असतं तुझ्या."

वेटरने खिशाकडे बघितलं, मग चौघींकडे. "तुम्ही... खालच्या?"

"खालच्याच."

"मला नेहमी प्रश्न पडायचा, तो डाग निघतो कशाने?"

"शिव्यांनी," मास्तरीण म्हणाली.

तो मोठ्याने हसला आणि लगेच आजूबाजूला बघून गप्प झाला.

सूप आलं. बाकीच्या चमचा कुठून धरावा ते बघत होत्या, तोवर मावशींची वाटी रिकामी. कोंबडी आली. मावशींनी मान खाली घालून तीही संपवली. मग ओठ पुसून त्या उठल्या.

"कुठे निघालात?" वहिनीने विचारलं.

"तुम्ही खा सावकाश. मी बघते..." मावशी बोलता बोलता थांबल्या. काय बघणार होत्या? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मशीन कुठेच नव्हतं.

ठेंगणीला हसू आलं होतं, पण मावशींचा चेहरा बघून ते विरलं. "बसा, मावशी," ती हळूच म्हणाली. मावशी बसल्या, पुन्हा कडेवर.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूच्या दारातून मुकादम आला. धापा टाकत, चेहरा घामाने डबडबलेला. धुलाईघराची जबाबदारी त्याच्यावर, आणि त्याच्या डोक्यावर मॅनेजर.

"वहिनी, चला. तपासणी लवकर उरकली. बॉयलर आत्ताच पेटवलाय. संध्याकाळी दोनशे माणसांची पार्टी आली आहे, सगळे टेबलक्लॉथ हवेत."

"आम्ही जेवतोय, मुकादम."

"दिसतंय मला. निदान मावशींना तरी पाठवा."

मावशी लगेच उभ्या राहिल्या. "माझं झालंय. जाते मी."

"मावशींचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही, ते पुढच्या महिन्यात ठरायचंय," मुकादम आवाज उतरवून म्हणाला. धमकी द्यायचीही त्याला सवय नव्हती. तो टेबलाकडे बघत बोलत होता. "मॅनेजर विचारतील, कोण आलं, कोण नाही."

वहिनीने मावशींकडे बघितलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला दुसरं कोण कामावर ठेवणार? पण आज मावशी उठून गेल्या, तर निवांत बसून जेवणं त्यांच्या नशिबी पुन्हा कधी यायचं? तिने मावशींचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"मुकादम, बॉयलर आत्ता पेटवला ना?"

"हो."

"रोलर चालवण्याइतकी वाफ धरायला किती वेळ लागतो?"

मुकादमाने कपाळाचा घाम पुसला.

"पाऊण तास. मला शिकवू नका, चौदा वर्षं वाट बघितली आहे बॉयलरच्या त्या काट्याची. तोवर आम्ही खाली उभं राहून काय करायचं? गार रोलरला वारा घालायचा?"

"अहो पण मॅनेजर..."

"मॅनेजरना सांगा, वाफ धरली की चौघी येतो, आणि सहाच्या आत दोनशे माणसांचं कापड घडी घालून देतो. आमचा शब्द कधी खाली पडलाय का?"

"नाही."

"आणि मावशींचं काही ठरवायचं असेल, तर चौघींचं एकदम ठरवा. मग काढा डाग तुमच्या हातांनी."

मास्तरणीने चष्मा काढून पुसला. ठेंगणी मुकादमाकडे मान वर करून बघत राहिली.

मुकादमाने घड्याळात बघितलं. खूप वेळ बघितलं. "पाऊण तास," तो म्हणाला. "मी सांगतो, वाफ धरायची आहे म्हणून." दारापर्यंत जाऊन तो वळला. "गोडात काय आहे?"

"चॉकलेटचा केक," ठेंगणी म्हणाली. "तुमच्या वाट्याचा नाही."

तो हसला बहुतेक. दार मिटलं.

केक आला. मावशींनी या खेपेला चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच तुकडा घेतला. तो तोंडात धरून ठेवला. मग दुसरा. बाकीच्या तिघींचा केक संपला, तरी त्यांचा निम्मा उरला होता. काचेपलीकडे एक होडी कोसळली, माणसांनी तोंडं उघडली. आत काही ऐकू आलं नाही.

"मऊ आहे गं," मावशी म्हणाल्या. केक की खुर्ची, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या हळूहळू मागे सरकल्या. पाठ खुर्चीला लागली. टेबलाखाली त्यांनी चपला काढल्या आणि थोड्या वेळाने त्यांचे डोळे मिटले.

वेटर ताटली उचलायला आला. वहिनीने बोटाने खूण केली, राहू दे. त्याने मान हलवली, खिडकीचा पडदा ओढून मावशींच्या तोंडावरचं ऊन अडवलं आणि पाऊल न वाजवता परत गेला.

खाली वाफ धरत होती. वर तिघी हळू आवाजात बोलत बसल्या होत्या.