सात मुलांचं बेट

आमच्या घरात प्लेगचा उंदीर पडला आणि आम्ही कामशेत सोडून माळावर झोपडीत राहायला आलो. येताना मी एकच वस्तू मागून घेतली. सहावीत पहिली आले म्हणून गुरुजींनी दिलेलं पुस्तक. जहाज फुटून ओसाड बेटावर अडकलेल्या सात मुलांची गोष्ट. मोठं माणूस एकही नाही. मुलं आपलं आपण शिजवतात, कोणी परका आला की गुहेत लपतात. मी ती तीनदा वाचली होती, आणि मोठ्या माणसांवाचून माझंही काही अडायचं नाही, असं माझं पक्कं ठरलं होतं.

त्या दिवशी तळेगावला मामूंची मयत होती. अब्बा आणि अम्मा सकाळच्या गाडीनं गेले.

"मदिनाला सांभाळ," अम्मा म्हणाली. "काही लागलं तर शेजारच्या कस्तुराबाईंना हाक मार."

"मी सातवीत आहे, अम्मा."

दुपारपर्यंत मी राणी होते. भाकरी थापल्या, पाणी भरलं, मदिनाला चौथं प्रकरण वाचून दाखवलं. सहा वर्षांची ही पोरगी एरवी दर ओळीला विचारते, "त्यांना अम्माची आठवण येत नाही?" आज गप्प. हात लावला तर अंग तव्यासारखं.

"कुठं दुखतं?"

तिनं जांघेवर हात ठेवला. तिथं सुपारीएवढी गाठ होती.

ताप आणि जांघेत गाठ म्हणजे काय, हे माळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पलीकडच्या झोपडीतल्या बयाबाईंच्या सुनेची अशीच गाठ बघून प्लेगच्या तपासणीवाल्यांनी तिला नदीकाठच्या, प्लेगच्या रोग्यांसाठी बांधलेल्या छपरांत नेलं. मागून ती गेल्याचा नुसता निरोप आला. तपासणीवाले रोज उन्हं कलली की यायचे, आणि उन्हं कलली होती.

मी पुस्तकातल्या मुलांनी केलं तेच केलं. अंथरायच्या पेंढ्यामागं मदिनाला निजवलं आणि वरून पेंढा रचला.

"आपण गुहेत आहोत. आवाज करायचा नाही."

"आपा, मला अम्मा पाहिजे."

मी दाराची ताटी लावून घेतली. लगेच बाहेर कस्तुराबाई.

"हसिना, ताटी का लावलीस गं? धाकली कुटं हाय?"

"अब्बांबरोबर गेली."

"उगं थापा मारू नगंस. मगाशी माज्या बोरीखाली बोरं येचत व्हती की."

पेंढ्यातून मघापासून धाप ऐकू येत होती, ती ऐकू येईना. पुस्तकातल्या सातांपैकी एकालाही कधी ताप आला नव्हता. मी ताटी काढली.

"मावशी, हिला गाठ आलीय."

कस्तुराबाई एक पाऊल मागं सरल्या. शेजारच्या झोपडीत त्यांचा नातू होता. दोन झोपड्यांपलीकडं तपासणीवाल्याची टोपी दिसत होती. मग त्यांनी पदर खोचला, आत येऊन पेंढा फेकला. मदिना घामाघूम, तोंड उघडं, पण श्वास होता.

गाठीकडं त्यांनी नुसतं पाहिलं आणि तिचा पाय उचलला. टाच सुजलेली, मध्ये काळा ठिपका.

"बोरीचा काटा, दोन-तीन दिसांचा. पायात पिकलं की जांघेत अवधाणाची गाठ येतीया, येडे. सातवीत ह्ये न्हाई शिकवत?"

"तपासणीवाले ऐकतील?"

"त्ये गाठ बगत्यात, पाय न्हाई. धर तिला."

कमरेच्या दोऱ्याला बांधलेला चिमटा त्यांनी काढला. मदिना किंचाळली, पू आला, काटा निघाला. तेवढ्यात दारात टोपी.

कस्तुराबाईंनी तळहातावरचा काटा पुढं केला. त्यानं गाठ दाबली, टाच पाहिली, पुन्हा गाठ दाबली.

"सकाळी येतो. ताप उतरला नसेल तर न्यावंच लागेल."

तो गेला. कस्तुराबाई तिथंच बसून राहिल्या.

"वाच ना," मदिना पुटपुटली.

"काय हाय त्यात?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"सात पोरं, मावशी. बेटावर. मोठं माणूस नाही."

"मंग काटा कोन काडतं?"

मी पान उलटलं आणि एक हात मदिनाच्या कपाळावर ठेवून वाचत राहिले. दिवेलागणीला संध्याकाळच्या गाडीची शिटी झाली, तेव्हा ते कपाळ गार लागत होतं. खात्री वाटेना, म्हणून मी कस्तुराबाईंचा हात धरून त्यावर ठेवला.